सरूचा आंबिया बहार

१४ ऑक्टोबर १९३४

आजही वेणी नाही. सकाळी तेल आणि फणी बायकोसमोर ठेवून शाळेत गेलो. संध्याकाळी सायकल टेकवून पाहतो तर तेल, फणी आणि सरू, तिघंही जिथल्या तिथं.

चिडलो. "अवं, डोकं तरी विंचर!" म्हणालो. "विंचरते," म्हणाली. विंचरलं नाही.

पोळ्याच्या आधीपासून हे असं आहे. काय झालं विचारलं की "काई नाई". दुखतं का, "नाई". कोणी बोललं का, "नाई". पोरं पाठ न केलेल्या धड्याला अशी उत्तरं देतात. त्यांना मी छडी दाखवतो. हिला काय दाखवू?

१८ ऑक्टोबर

काल दसरा झाला. झेंडू तोडून ढीग पडला होता. आमच्या मळ्यात हार ओवायला सरूसारखा हात कोणाचा नाही. तिची पितळी सुई ती दुसऱ्या बाईला हात लावू देत नसे. काल सुई घेऊन बसली, पण सुईत दोरा नव्हता. बसून राहिली. माय आणि शेजारची अनसूया यांनीच कसेबसे हार उरकले.

आतापर्यंत झालेले उपाय: लिंबू उतरवलं, गंडा बांधला, वैद्याचा काढा दिला (कडू, मी चाखला), गुरुवारचे उपास. मायचं म्हणणं बाहेरचं आहे. वैद्याचं म्हणणं वात आहे. अनसूयेच्या सासूचं म्हणणं सहा वर्षांत पाळणा हलला नाही म्हणून. बाबांचं म्हणणं काहीच नाही, ते संत्र्याच्या बगीच्यात असतात.

२२ ऑक्टोबर

हेडमास्तरांनी एक गोष्ट सांगितली. अकोल्याला कलकत्त्याहून शिकून आलेला तरुण डॉक्टर आहे. मनाचे रोग पाहतो. औषध कमीच देतो, रोग्याला बोलायला लावतो.

मास्तरकी शिकताना नॉर्मल स्कुलात आम्हालाही मानसशास्त्राचा पेपर होता. पोरांचं लक्ष, सवयी, स्मरणशक्ती. बरे मार्क पडले होते. बायको भिंतीकडे पाहत का बसते, हे काही त्या पुस्तकात नव्हतं.

अकोला तिचं माहेरच. दिवाळीच्या आधी नेतो.

२८ ऑक्टोबर, अकोला

बडनेऱ्याला गाडी बदलून दुपारी पोचलो. सासरवाडी जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे. सासूनं लेकीला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "जवाईबुवा, हे काय करून आणलं माह्या पोरीचं?" जसं मीच केलं.

सायंकाळी डॉक्टरकडे. मी, सासू, मेहुणा माधव आणि सरू, अशी वरात. खोलीत लांब आरामखुर्ची. रोग्यानं तिच्यावर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, मनात येईल ते बोलायचं. डॉक्टर डोक्यामागं बसणार, दिसणार नाही.

सासू उभीच राहिली. "माय वं! परपुरुषासमोर आडवं व्हायचं?"

"समोर नाही आई, मी मागे बसतो."

"मागं बसून त आणखीनच वाईट!"

सरू खाली जमिनीवर बसली, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टरनं विचारलं, झोप लागते का? सासू म्हणाली, लागते, पण पहाटेच उठून बसते. भूक? माधव म्हणाला, नाही. मनात काय येतं? मी म्हणालो, काही नाही म्हणते.

डॉक्टर हसला. "तुम्ही तिघं मिळून छान आजारी आहात. आता पेशंटला विचारू का?"

पेशंट म्हणाली, "घरी जाऊ."

२९ ऑक्टोबर, अकोला

आज मी एकटाच गेलो डॉक्टरकडे. माणूस वाईट नाही. तिशीही नसेल. म्हणाला, हा आळस नव्हे, ढोंग नव्हे, भूतबाधा तर नव्हेच. मनातलं दुःख आणि राग दाबून ठेवला की तो आतल्या आत माणसाच्याच अंगावर उलटतो. दुसऱ्यावर जो काढायचा तो माणूस स्वतःवर काढतो.

"पण तिला राग कशाचा?"

"ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. कदाचित तिलाही नसेल."

ती खुर्चीवर बसणार नाही हे त्यालाही कळलं. मग तोड निघाली. रोज घरी थोडा वेळ मी तिच्या मागं बसायचं. तिला दिसायचं नाही. विचारायचं नाही, शिकवायचं नाही, समजूत घालायची नाही. बोलली तर ऐकायचं. नाही बोलली तरी बसायचं. "आणि वाईट काही बोलली तर ते चांगलं समजा, उठून जाऊ नका. गाठ सैल होते तेव्हा तसंच होतं."

मास्तराला न शिकवता बसायला सांगतो लेकाचा!

४ नोव्हेंबर

घरी आलो. मागच्या ओट्यावर ती बसते, तिच्या मागं मी, भिंतीला पाठ लावून. समोर संत्र्याच्या ओळी. माय आतून डोकावून पाहते आणि कपाळाला हात लावते.

आज शेवटी एकदाची बोलली. "हात जड झाले."

मी म्हणालो, "मग सकाळी थोडं फिरत जा, रक्त चालू होते." झालं. पुढं एक अक्षर नाही. जीभ कापून ठेवावी का काय!

११ नोव्हेंबर

दिवाळी झाली. दिवे मायनं लावले.

आज ती म्हणाली, "सकाळ झाली का वाटते, काहून झाली?"

मी गप्प बसलो. जमलं एकदाचं.  मी रोज सकाळी प्रार्थना म्हणवून घेतो पोरांकडून, नवा दिवस दिलास म्हणून. आणि ही.

१८ नोव्हेंबर

आज बरंच बोलली. जसं बोलली तसं उतरवतो.

"विहिरीत मोट सोडा. भरली असंन म्हणून बैल हाकला. वर येते त रिकामी. पुन्हा सोडा, पुन्हा रिकामी. बैल थकून राहिले, दोर झिजून राहिला. लोक म्हणतात, सोड व सोड, पाणी हाय विहिरीत. असंन. मले नाई भेटत."

मग आत जाऊन तिनं अर्धी भाकर खाल्ली. मायनं देवाला साखर ठेवली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२५ नोव्हेंबर

आज म्हणाली, "तुमी मेले तरी मले काई वाटणार नाई."

मग म्हणाली, "माह्या मायचं बी तसंच. कोणाचंच नाई वाटत."

मी उठून गेलो. शाळेतून थकून येतो, पोरांच्या वह्या तशाच पडतात, हिच्या मागं भुतासारखा बसतो आणि बदल्यात हे! डॉक्टर म्हणाला होता, वाईट बोलली तर चांगलं समजा. सोपं आहे. त्याच्या बायकोनं त्याला जिवंतपणी मारलेलं नाही.

जेवलो नाही. तिनं विचारलंही नाही.

२ डिसेंबर

बाबांनी बगीच्याचं पाणी तोडलं. आंबिया बहारासाठी दरवर्षी याच दिवसांत ताण देतात. पाणी बंद, बुडाची माती खोदून मुळ्या उघड्या. झाड महिनाभर तहानेनं कासावीस होतं, पानं लवतात, पिवळी पडून गळतात. संक्रांतीच्या सुमारास माती लावून, खत घालून पाणी सोडलं की फुलांनी लदबदून जातं.

जेवताना बाबा अचानक म्हणाले, "सरूलेई तसंच करा."

"कसं?"

"झाडाले रोज पाणी देल्लं त ते नुसतं पानंच काढते. फूल नाई धरत. तुमी तिले रात्रंदिवस पुसून राहिले, मनवून राहिले, मागं बसून राहिले. तिनं कायले उठाव? ताण द्या. कोणी पुसू नोका. जेवली त जेवली. घाबरंन, मंग येईन आपोआप वर."

माय म्हणाली, "थे का झाड हाय?"

"माणूस काय झाडाहून येगळं हाय?"

मला पटलं. आमच्या पुस्तकात होतंच की, ज्या सवयीकडे लक्ष द्यावं ती वाढते, दुर्लक्ष केलं की सुटते. बाबांचा बगीचा आणि माझा पेपर आयुष्यात पहिल्यांदाच एकमताचे झाले. शिवाय, लिहून ठेवतो, मला ओट्यावर परत बसायचं नव्हतं.

३ डिसेंबर

ताण सुरू. ताट झाकून ठेवायचं, नाही खाल्लं तर उचलायचं. कोणी हाक मारायची नाही. मी मागं बसायचं नाही.

९ डिसेंबर

आज घरात उभा राहून खिडकीतून पाहिलं. आमच्या रोजच्या वेळेला ती ओट्यावर जाऊन बसली. माझी भिंतीजवळची जागा रिकामी. बसली, बसली. एकदा मान वळवून मागं पाहिलं.

मी गेलो नाही. ताण म्हणजे ताण. अर्धवट ताणात बहार फुटत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

पण जीव तुटला.

१७ डिसेंबर

झाडांची पानं लवली. हात लावला तर चामड्यासारखी लागतात. बाबा खुश आहेत, ताण बरोबर बसतो आहे म्हणतात.

सरूच्या गालाची हाडं वर आली. माय चोरून तिला दूधभात भरवत होती, बाबांनी पाहिलं. "आता पाणी दाखोलं त समदं वाया!" माय म्हणाली, "तुमच्या बगीच्याले आग लागो." तरी सरूपुढची वाटी उचलून आत गेली. आमच्या घरात शेवटी बाबांचंच चालतं.

ओट्यावर ती अजून बसते. मान मात्र वळवत नाही आता.

२६ डिसेंबर

माधव आला अकोल्याहून, वांगी-मेथीची टोपली घेऊन. बहिणीला पाहिलं आणि टोपली तिथंच आदळली.

"भाऊजी, आमच्या बहिणीले वाळवून राहिले का तुमी?"

मी ताणाचं सांगितलं. तो आमच्याच जातीचा, माळ्याचा पोर, त्याला फोड करून सांगावं लागत नाही. त्यानं सांडलेली वांगी टोपलीत भरली. मग म्हणाला, "आमी भाजीवाले. वांग्याले एक दिवस पाणी चुकलं त ते मान टाकते. तुमचं संत्र्याचं मले नाई कळत."

घेऊन जातो म्हणाला. सरूच म्हणाली, "राहू द्या मले अथीच." का म्हणाली कोण जाणे.

बाबा म्हणाले, होळीपर्यंत पाहू. नाही फरक पडला तर नागपूरला, वेड्यांच्या इस्पितळात. तिथून कोण परत आलंय, मी विचारलं. बाबा बगीच्यात निघून गेले.

५ जानेवारी १९३५

मुळ्या झाकल्या. शेणखत घातलं. आज मोट सुरू केली, पाणी पाटानं ओळीओळीतून फिरलं. माय म्हणाली, "झाडायले देल्लं, आता तिलेई द्या." बाबांनी मान हलवली.

मी आत गेलो. तिच्याजवळ बसलो, समोर. म्हणालो, "सरू, कशी आहेस?"

म्हणाली, "बरी हाय."

विचारल्यावर "काई नाई" सोडून दुसरं उत्तर, पोळ्यानंतर पहिल्यांदाच!

७ जानेवारी

आज आपण होऊन न्हाली. वेणी घातली. मी शाळेतून आलो तर दारात उभी. सायकलवरून पडायचाच बाकी होतो. बाबा मिशीत हसले. बोलले नाहीत, पण ते हसू सांगत होतं, काय मास्तर?

डॉक्टरला पत्र टाकावं म्हणतो: खुर्ची विकून टाका.

१४ जानेवारी

संक्रांत. हळदीकुंकवाला आळीतल्या बाया आल्या. सरू स्वतः उठून सगळ्यांना कुंकू लावत होती. आणि वाण तर असं दिलं की मायही चकित. लोक फणी देतात, करंडा देतात, बोरं देतात. हिनं आरसा दिला, मोत्यांच्या कुड्या दिल्या. अनसूयेला आपलं हिरवं काठाचं लुगडं दिलं, लग्नातलं. आणि पितळी सुई.

"सुई बी?" अनसूया म्हणाली.

"तुह्या हाताले येईन आता," सरू म्हणाली. शांत होती. हसलीही थोडी.

माय रात्री म्हणाली, "वाण असं द्याव. हात आखडला नाई पोरीचा. देव पावला."

मलाही तसंच वाटलं. तीळगूळ खाल्ला, दोन जास्त खाल्ले.

२३ जानेवारी

घर हसायला लागलं. सरू मायला सगळं दाखवत फिरते. पापडाचा डबा कुठं, मसाल्याचं कुठं, माझे सदरे कोणत्या पेटीत, कोणत्या सदऱ्याची गुंडी तुटली. माय म्हणते, "अवं मले कायले सांगतं? तूच त हायेस." सरू म्हणते, "असू द्या, माहीत असाव."

किती दिवसांनी घरात लक्ष घालते आहे. पहाटे मात्र अजून उठून बसते. ते जाईल हळूहळू.

३ फेब्रुवारी

बहार फुटला. सगळा मळा घमघमतो आहे, शाळेच्या वाटेपर्यंत वास येतो. व्यापारी येऊन पाहून गेला. बाबा ओळीओळीतून नव्या नवऱ्यासारखे फिरतात.

मी सरूला म्हणालो, चल, बघायला. आली. फुलांखाली उभी राहिली. "छान हाय," म्हणाली. शाळेतली पोरं इन्स्पेक्टरसमोर म्हणतात तसं. माझंच मन वाईट.

६ फेब्रुवारी

आजचं लिहून ठेवतो.

सायंकाळी बाबांबरोबर कुंपणाकडं गेलो. तिथलं एक जुनं झाड इतकं फुललं होतं की पान दिसेना. मी म्हणालो, "बाबा, हे तर सगळ्यांत भारी!"

बाबांनी फांदी हातात धरून वाकवली. म्हणाले, "हे जाईन."

"जाईल म्हणजे?"

"मरंन. याले ताण लय झाला. मराले टेकलं का झाड असं फुलते. होतं नोतं समदं देऊन टाकते आणि वाळते. पानं कोठी हायेत पाय ना याले? नुसतं फूल."

मी उभाच राहिलो. लुगडं. कुड्या. आरसा. सुई. पापडाचा डबा कुठं, सदरे कुठं. होतं नव्हतं सगळं.

पळत सुटलो. बाबा मागून ओरडले, काय झालं बे? घरात माय भाकरी थापत होती. "सरू कुठंय?" "हाय ना, मागं गेली, विहिरीकडं. काहून रे?"

विहिरीच्या काठावर बसली होती. पाय आत सोडून.

आवाज केला नाही. मागून जाऊन तिचा पदर मुठीत धरला, मग दंड धरला. तिनं मान वळवली नाही. म्हणाली, "सकाळपासून दोनदा आली. उठाचं होत नाई अथून. तेवढंई जमत नाई मले."

तिच्या मागं बसलो, दोन्ही हातांनी धरून. काय बोलावं? नको म्हणावं, माझ्यासाठी जग म्हणावं, सगळे शब्द तोंडात येऊन गिळले. नुसता बसलो. मग ती बोलली. अंधार पडेपर्यंत बोलली. सगळं लिहीत नाही.

एवढं लिहितो. "रोज ओट्यावर बसत होती. मागं कोणी नाई. एकदा पाह्यलं बी. मंग म्हटलं, बरं झालं. सुटले हे. आता कोणाले अडचण नाई."

माय कंदील घेऊन आली आणि तिनं सरूचा दुसरा दंड धरला.

९ फेब्रुवारी

माधवला तार केली होती. तो डॉक्टरला घेऊन आला. बडनेऱ्याहून टांग्यानं. डॉक्टर ओट्यावर सरूच्या मागं बसला, माझ्या जागी. सासू नव्हती, कोणी हरकत घेतली नाही. ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो तरी बसला.

मग मला बाजूला घेतलं. मी सगळं सांगितलं, ताणाचं, वाणाचं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, "असा माणूस अचानक शांत झाला, वस्तू वाटू लागला, की भ्यायचं असतं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, हार ओवणारी, चूल सांभाळणारी बाई आहे, वाटण्यासारखं तिच्याकडं असेल काय?"

"बरी होईल का?"

"मी हो म्हणणार नाही."

झोपेच्या पुड्या दिल्या, त्या माझ्या कुलपात. एकटं ठेवायचं नाही. आणि बसायचं. "पुस्तकात एवढंच आहे, मास्तर. आम्हीही अजून चाचपडतोच आहोत."

कलकत्त्याला जाऊन इतकंच शिकून आला. पण खोटं बोलला नाही.

१० फेब्रुवारी

शाळेतून रजा घेतली. विहिरीला बाबांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण लावलं, मोटेपुरती वाट ठेवली, तिथं स्वतः बसतात. माझ्याशी बोलत नाहीत, मी त्यांच्याशी. दोघांनाही ठाऊक आहे काय ते.

दुपारी पाहिलं, कुंपणाकडच्या झाडाची फुलं ओरबाडून काढत होते. मुठी भरभरून. खाली पांढरा सडा. म्हणाले, फळ धरलं तर नक्कीच मरेल, फुलं काढली की थोडी ताकद राहते.

"जगेल का?"

"नाई जगत बहुतेक."

"मग कायले काढता?"

"आता काय, उभंच पाहत राहू का?"

मीही फुलं काढायला लागलो. हाताला अजून वास येतो आहे, दोनदा धुतला तरी.

१२ फेब्रुवारी

आजपासून एक वेडेपणा सुरू केला. वाण परत मागायला निघालो.

दिलेलं वाण कोणी परत मागत नाही. अशुभ असतं, पाप असतं, माणसानं तोंड वर करून मागावं असं ते नसतंच. मी मागितलं. कुड्या दिल्या एकीनं, दाराआडून, जणू माझी सावली अंगावर पडेल. आरसा मिळाला नाही, फुटला म्हणे. असेल.

अनसूयेच्या घरी तिची सासू दारात उभी राहिली. "मास्तर, शिकले सवरले ना तुमी? वाण कोणी वापस मांगते का? घरात अवदसा येते!"

"आलेलीच आहे, मावशी. तिच्यासाठीच पाहिजे."

म्हातारी दारातून बाजूला झाली. अनसूया आतून आली. लुगडं घडी करून आणलं होतं, वर सुई ठेवलेली. डोळे पुसत होती. तिला सगळं कळलं असावं. बायांना कळतं, मग संक्रांतीच्या दिवशी का नाही कळलं एकीलाही? मला तरी कुठं कळलं.

१३ फेब्रुवारी

रात्री माय, दिवसा मी, दुपारी माय झोपते तेव्हा बाबा. पाळ्या लावून घेतल्या आहेत. सरू जेवते थोडं, भरवलं तर. वेणी नाही. परत पहिल्यासारखी. मायला वाईट वाटतं. मला वेणी नसलेली बरी वाटते आता, निदान खरी आहे.

बाबा म्हणाले, होळीनंतर नागपूरचं पाहावंच लागेल, असं किती दिवस बसणार? मी म्हणालो, माहीत नाही. खरंच माहीत नाही. शाळेची रजा संपेल. मायचे गुडघे संपतील. तिचं दुःख संपताना दिसत नाही.

१६ फेब्रुवारी

ओट्यावर. लुगडं, कुड्या, सुई तिच्याजवळ ठेवली आणि मागं जाऊन बसलो.

बराच वेळ तिनं पाहिलं नाही. मग म्हणाली, "कायले आणलं?"

विचारायचं नाही, शिकवायचं नाही, समजूत घालायची नाही. गप्प बसलो. समोर कुंपणाकडचं झाड दिसतं, फुलं काढलेलं, बोडकं. अजून हिरवी काडी फुटलेली नाही.

सरूनं लुगडं मांडीवर घेतलं. अनसूयेनं घडी काठ आत करून घातली होती. सरूनं ती मोडली. काठ बाहेर घेऊन, कोपऱ्याला कोपरा लावून, पहिल्यासारखी नीट घडी घातली. तिचे हात किती दिवसांनी काही करताना पाहिले. मग घडी मांडीवरच ठेवून तिच्यावर हात ठेवून बसली.

ठेवून घ्यायला घातली का पुन्हा कोणाला द्यायला, ते कळलं नाही. विचारता येत नाही. मागं बसलो आहे.